धागा: बलून फाइटमागची हॅल लॅबोरेटरी, तिचं १५० कोटी येनचं कर्ज आणि प्रोग्रामर अध्यक्ष

रात्रपाळी

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांच्यासाठी हा धागा. कॅसेट लागली नाही की काढायची, खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. मग पडद्यावर खेळांची लांबलचक यादी यायची. लेबलवर हजारोंचा आकडा, आत खरे खेळ मोजके, तेच ते नाव बदलून पुन्हा. त्या मोजक्यांत बलून फाइट जवळजवळ ठरलेला.

आमच्याकडे मी आणि ताई तो खेळायचो. दोन फुग्यांना लटकलेला माणूस. ए दाबलं की हात एकदा फडफडतात, बी दाबून धरलं की फडफडतच राहतात. बटण सोडलं तरी माणूस जागच्या जागी थांबत नाही, थोडा पुढे वाहवत जातो आणि मग हळूच खाली यायला लागतो. पाण्याच्या फार जवळ गेलात तर मासा वर येऊन गिळतो. त्या वाहवत जाण्याचा अंदाज आला की खेळ आला. ताईला तो माझ्या कितीतरी आधी आला.

त्या यादीतले गोल्फ, पिनबॉल आणि एफ-वन रेस हेही त्याच लोकांच्या हातचे, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडच्या कॅसेटवर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. ती कंपनी म्हणजे जपानची हॅल लॅबोरेटरी. गेली काही वर्षं तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहितो.

सुरुवात एका दुकानातून होते. तोक्योतल्या इकेबुकुरो भागात सेइबू नावाचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे कम्प्युटरचा एक कोपरा होता, आणि ज्यांना या यंत्राचं वेड लागलं होतं अशी पोरं सुट्टीच्या दिवशी तिथे जमायची. मांडून ठेवलेल्या मशीनवर स्वतःचे प्रोग्राम लिहायची. सातोरू इवाता त्यांतलेच एक. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकत होते. त्याआधी शाळेत असताना त्यांनी प्रोग्राम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर बेसबॉलचा खेळ बनवला होता. चित्र काही नाही, नुसते आकडे. पण शेजारी बसणारा मित्र तो आवडीने खेळायचा, आणि तिथूनच पुढचं सगळं सुरू झालं असं ते सांगत.

सेइबूच्या त्या कोपऱ्यातल्या दुकानदार मंडळींनीच २१ फेब्रुवारी १९८० रोजी कंपनी काढली आणि इवातांना विचारलं, अर्धवेळ काम करशील का? १९८२ मध्ये पदवी घेतल्यावर ते तिथेच पूर्णवेळ लागले. वडील होक्काइदोतल्या मुरोरान शहराचे महापौर. एवढं शिकून मुलगा असल्या चार-दोन जणांच्या कंपनीत लागला, म्हणून ते सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते.

पहिली काही वर्षं कंपनी खेळांपेक्षा जोड-उपकरणांवर चालली. तेव्हाच्या घरगुती कम्प्युटरवर हवं ते चित्र काढता येत नसे, कंपनीने आत घालून दिलेल्या ठरावीक अक्षरांवर आणि चिन्हांवरच भागवायचं. हॅलने एक सर्किट बनवलं, ते जोडलं की त्या चिन्हांचे आकार आपल्याला हवे तसे बदलता यायचे. म्हणजे 'अ' च्या जागी अंतराळयान.

जुलै १९८३ मध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेम मशीन, बाजारात आला. त्याचा प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातला. इवातांनी विद्यार्थीदशेत कर्ज काढून कमोडोर पेट हा कम्प्युटर घेतला होता, त्यातही ६५०२ च होता. त्यामुळे त्याच्या खाचाखोचा त्यांना पाठ. ओळख काढून ते क्योतोला निन्टेंडोकडे गेले आणि आम्हाला काम द्या म्हणाले.

मिळालेल्या कामांत गोल्फ होता. इतर काही कंपन्यांनी तो नाकारलेला, कारण १८ होलची माहिती तेवढ्याशा कॅसेटमध्ये मावणार नाही असा सगळ्यांचा हिशोब होता. इवातांनी माहिती दाबून बसवायची स्वतःची पद्धत काढली आणि १८ च्या १८ होल आत घातले. बटण एकदा दाबून फटका सुरू, दुसऱ्यांदा दाबून जोर, तिसऱ्यांदा दाबून अचूकपणा, ही रीत पुढे कितीतरी गोल्फच्या खेळांनी उचलली.

आता बलून फाइट. पडद्यावरचा माणूस सरकतो तो पिक्सेलने. एक पिक्सेल किंवा दोन पिक्सेल, दीड नाही. पूर्णांकातच हिशोब केला तर चाल धक्के खाते. इवातांनी जागेचा आणि वेगाचा हिशोब दशांशापर्यंत ठेवला. पडद्यावर पूर्ण पिक्सेलच दिसतो, पण राहिलेला अपूर्णांक फेकून न देता पुढच्या हिशोबात धरला जातो. म्हणून तो माणूस वाहवतो. निन्टेंडोसाठी काम करणाऱ्या तोशिहिको नाकागो यांनी विचारलं, तुमचं इतकं मऊ कसं चालतं? इवातांनी सगळं सांगून टाकलं. सप्टेंबर १९८५ मध्ये आलेल्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये मारिओ पाण्यात पोहतो, त्या पोहण्यात हा हिशोब आहे.

कर्जाचा भाग प्रतिसादात लिहितो. हात दुखतोय.

गोदाकाठ

वा! धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. आमच्याकडे ती कॅसेट पिवळी होती. आणि तो मासा, किती वर्षांनी आठवला.

मी नाशिकचा, त्यामुळे एचएएल म्हटलं की आम्हाला ओझरच आठवतं, तिथला विमानांचा कारखाना. या जपानी कंपनीने हे नाव का घेतलं?

रात्रपाळी

गोदाकाठ, इंग्रजी मुळाक्षरं मोजा. एच नंतर आय, ए नंतर बी, एल नंतर एम. आयबीएमच्या प्रत्येक अक्षराच्या एक पाऊल पुढे. इवातांनी हेच कारण सांगितलं होतं. तेव्हा आयबीएम म्हणजे कम्प्युटरचं दुसरं नाव, आणि हे पाच-सहा जण तिच्या पुढे राहायचं म्हणत होते.

अबोली

वाचतेय. कर्बी यांचाच ना? माझ्या भाच्याच्या दप्तराला तो गुलाबी गोळा लटकलेला असतो. त्याचं काय?

रात्रपाळी

हो अबोलीताई, यांचाच. त्यामागे मासाहिरो साकुराई. कर्बीची कल्पना मांडली तेव्हा वय अवघं १९. त्यांना असा खेळ हवा होता की ज्याने कधी बटण हातात घेतलं नाही त्यालाही शेवटपर्यंत जाता यावं. खड्ड्यात पडायची भीती वाटली तर हवा भरून उडून जा, इतकं सोपं. नायकाचं चित्र ठरलेलं नव्हतं, म्हणून काम चालावं एवढ्यासाठी एक गोल गोळा काढून ठेवला. काम करता करता त्या गोळ्याचाच लळा लागला आणि तोच राहिला.

खेळ बनवायची साधनं काय होती ते साकुराईंनी २०१७ मध्ये सांगितलं. कीबोर्ड नाही. शार्पने बनवलेला ट्विन फॅमिकॉम, त्याला हॅलचाच ट्रॅकबॉल जोडलेला. एकेक आकडा पडद्यावरच्या बटणांवर ट्रॅकबॉल फिरवून भरायचा. सगळा खेळ मिळून अगदी लहान. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट असतो.

तो आधी 'ट्विंकल पोपो' या नावाने हॅल स्वतःच विकणार होती. जाहिराती छापून झाल्या, दुकानांकडून २६,००० प्रतींच्या ऑर्डरी आल्या. निन्टेंडोचे शिगेरू मियामोतो म्हणाले की थोडी डागडुजी केली तर हा फार मोठा होईल, असाच विकणं म्हणजे नासाडी. विक्री थांबवायची म्हणजे दुकानदारांपुढे मान खाली घालायची. हॅलने ती घातली. नाव बदललं, खेळ सुधारला, आणि २७ एप्रिल १९९२ ला तो निन्टेंडोने गेम बॉय या हातात धरून खेळायच्या मशीनवर आणला. जगभरात ५० लाखांच्या वर प्रती गेल्या.

कर्बी हे नाव जॉन कर्बी या अमेरिकन वकिलांवरून. किंगकाँगच्या हक्कांवरून युनिव्हर्सल या सिनेमा कंपनीने निन्टेंडोच्या डाँकी काँग या खेळाविरुद्ध खटला भरला, तेव्हा ते निन्टेंडोच्या बाजूने उभे राहिले आणि जिंकले. नावांची यादी समोर आली तेव्हा ते वकील डोक्यात होते, असं मियामोतोंनी सांगितलं आहे.

आकडेमोड

मी लेखापरीक्षणात आहे, म्हणून एक शंका. ५० लाख प्रती जाणारा खेळ १९९२ चा. आणि माझ्या वाचनाप्रमाणे कंपनी कर्जापायी कोर्टात गेली तीही १९९२ मध्येच. हे कसं काय?

रात्रपाळी

आकडेमोड, बरोबर जागी बोट ठेवलंत. धागा काढायचं कारणच हे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये पैशाला पूर आला होता. हॅलने यामानाशी प्रांतात जमीन घेतली, विकासकेंद्र उभं केलं. माणसं वाढली. माणसं वाढली की खेळांची संख्या वाढवावी लागते. मग अर्धे शिजलेले खेळ बाहेर पडू लागले आणि ते विकले जाईनात. १९९१ मध्ये 'मेटल स्लेडर ग्लोरी' नावाचा, चार वर्षं राबून केलेला, चित्रं पाहात राहावीत असा खेळ आला. फॅमिकॉमवरच्या सगळ्यात मोठ्या कॅसेटींपैकी एक. मोठी कॅसेट म्हणजे महाग कॅसेट. त्यानेही पैसा उभा राहिला नाही. तोवर त्या तेजीचा फुगा फुटला होता, जमिनीचे भाव पडले होते. कर्बीचा पैसा यायच्या आधीच घर बसलं.

निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले. अट एकच, इवाताने अध्यक्ष व्हायचं. १९९३ मध्ये ते झाले. वय ३३, कर्ज १५० कोटी येन. कारभाराचा अनुभव नाही, आयुष्यभर प्रोग्राम लिहिलेले.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते. खुर्चीवर बसल्यावर त्यांनी पहिल्यांदा कंपनीतल्या प्रत्येक माणसाला एकेकटं बोलावून गप्पा मारल्या. ऐंशी-नव्वद माणसं. कुणाशी वीस मिनिटं, कुणाशी तीन तास. सुरुवातीचा प्रश्न असायचा, "हॅलमध्ये काम करून तुम्ही खूश आहात का?" ते म्हणत की या लोकांबरोबर वर्षानुवर्षं बसून काम केलं, पण असं समोर बसेपर्यंत कितीतरी गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या. हे एकदा करून थांबले नाहीत. दर सहा महिन्यांनी, सगळ्यांशी, हॅल सोडेपर्यंत.

कर्ज वर्षाला २५ कोटी येनप्रमाणे सहा वर्षांत फेडलं.

सह्यकडा

लेख आवडला, पण थोडं वेगळं मत मांडतो. यामाउचींनी पैसा टाकला म्हणून हॅल वाचली. निन्टेंडोला चांगले खेळ बनवणारे हात हवे होते, त्यांनी ते राखले. त्याच वेळी जपानमध्ये कितीतरी छोट्या कंपन्या बुडाल्या, त्यांच्यातही चांगली माणसं असतीलच. त्यांच्यामागे कुणी यामाउची नव्हता. ते श्रेय इवातांच्या गप्पांना देणं मला पटत नाही.

रात्रपाळी

सह्यकडा, पहिला भाग मान्य. यामाउची नसते तर हॅल १९९२ लाच संपली असती, यात वाद नाही, आणि यामाउचींनी ते दया म्हणून केलं असंही मी म्हणत नाही. पण यामाउचींनी अट घातली ती कुठल्या बँकेच्या माणसाची नाही, हॅलमधल्याच इवातांची. गोल्फपासूनची दहा वर्षं त्यांनी या माणसाचं काम पाहिलं होतं. आणि पैसा मिळाला तरी फेडायचा हॅललाच होता. कर्जात बुडालेल्या कंपनीतून आधी चांगली माणसं निघून जातात. साकुराई गेले नाहीत. १९९३ मध्ये 'कर्बीज अॅडव्हेंचर' आला, गिळलेल्या शत्रूची कला उचलण्याची युक्ती त्यातली, म्हणजे नवख्याला सोपं आणि मुरलेल्यालाही काही करायला मिळेल. कंपनी कोर्टाच्या देखरेखीखाली असताना ज्यांनी हा खेळ पुरा केला, ते का थांबले, याचं उत्तर मला त्या गप्पांत दिसतं.

सह्यकडा

अट इवातांचीच होती हा मुद्दा पटला. बाकी माझं मत कायम, पण लिहीत राहा, वाचतोय.

शेवंती

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'मदर २' बद्दल इवातांचं ते वाक्य आमच्या क्षेत्रात फिरत असतं, अर्धा वर्ष की दोन वर्षं, असं काहीतरी. त्याबद्दल नीट सांगाल का? आमच्याकडे एकदा एक प्रकल्प असाच अडला होता, कंपनीचं नाव नको. दोन वर्षं ठिगळं लावत बसलो. नव्याने लिहू या म्हणायला कुणी धजलं नाही, कारण म्हटलं तर आधीच्या माणसांचं काम वाया गेलं असं होतं. शेवटी प्रकल्प बंद केला. तेव्हाच्या टीममधले दोघं तर हे क्षेत्रच सोडून गेले. म्हणून हे वाक्य मला मनाला लागतं.

रात्रपाळी

शेवंतीताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. 'मदर २' ची गोष्ट जवळजवळ हीच आहे, शेवट वेगळा.

तो शिगेसातो इतोई यांचा खेळ. अमेरिकेत 'अर्थबाउंड' म्हणून आला. काम चार वर्षं चाललं आणि रुतून बसलं. गोष्ट होती, चित्रं होती, संगीत होतं, एकत्र चालत मात्र नव्हतं. इवातांना बोलावलं. त्यांनी सगळं पाहून सांगितलं की, जे आहे तेच दुरुस्त करत गेलो तर दोन वर्षं लागतील, नव्याने लिहायचं ठरवलंत तर अर्ध्या वर्षात होईल. दोन्हींतलं तुम्ही सांगाल ते करतो.

हे शेवटचं वाक्य लोक उद्धृत करताना गाळतात. मला तेच मोठं वाटतं. चार वर्षं राबलेल्या माणसांसमोर त्यांनी निवड ठेवली, निकाल सुनावला नाही.

नव्याने लिहायचं ठरल्यावर त्यांनी थेट खेळ लिहायला घेतला नाही. आधी अवजारं बनवली. म्हणजे प्रत्येक बारीकसारीक बदलासाठी प्रोग्रामरच्या दारात रांग लावायला नको, ज्याचं काम त्याला स्वतः करून पाहता यावं. जुनी चित्रं, संगीत, संवाद फेकले नाहीत, तेच नव्या सांगाड्यावर चढले. अर्ध्या वर्षात खेळ चालू लागला, उरलेल्या वेळात घासूनपुसून घेतला, आणि २७ ऑगस्ट १९९४ ला तो विक्रीला आला. आणि हा माणूस त्या वेळी १५० कोटींचं कर्ज असलेल्या कंपनीचा अध्यक्ष होता, हे विसरू नका.

शेवंती

"तुम्ही सांगाल ते करतो" हे मी खरंच कधी ऐकलं नव्हतं. धन्यवाद.

बारका पिकाचू

पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर! इवातांनी सगळा खेळ इतका दाबून लहान केला की उरलेल्या जागेत आधीच्या खेळातला अख्खा कांतो प्रदेश मावला. हे यायलाच हवं धाग्यात.

रात्रपाळी

बारका पिकाचू, ही दंतकथा मलाही फार आवडायची, पण थोडी दुरुस्ती. पोकेमॉन बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीच्या लोकांनी स्वतः सांगितलंय ते इतकं की, गोल्ड-सिल्व्हरमधली पोकेमॉनची चित्रं दाबून बसवायची साधनं इवातांनी बनवून दिली. ते मोठंच काम होतं. त्यामुळेच कांतो आला, ही पुढची कडी मात्र लोकांनी जोडलेली आहे.

आणि खरी गोष्ट कुठे कमी आहे? निन्टेंडो ६४ या मशीनसाठी पोकेमॉन स्टेडियम बनवायचा होता. त्यासाठी गेम बॉयवरच्या रेड-ग्रीनमधली लढाईची पद्धत हवी होती. तिचं लेखी वर्णन नाही, असेल ते कोडमध्येच. इवातांनी कोड मागवला, वाचत बसले, आणि आठवड्याभरात लढाई नव्या यंत्रावर चालवून दाखवली. ज्यांनी मूळ लढाई लिहिली त्या मोरिमोतोंना प्रश्न पडला की हा कसला कंपनीचा अध्यक्ष! परदेशी भाषांतल्या आवृत्त्या कशा काढता येतील, याचीही वाट त्यांनीच कोड वाचून दाखवली. गेम फ्रीकची माणसं तेव्हा गोल्ड-सिल्व्हरमध्ये बुडालेली होती, त्यांना डोकं वर काढायला वेळ नव्हता. आपल्याकडच्या पोरांनी पोकेमॉनचे खेळ इंग्रजीत खेळले, त्यात हॅलच्या अध्यक्षाची ती काही दिवसांची बैठक आहे.

कोफूकर

नमस्कार. मी नोकरीनिमित्त जपानमध्ये असतो. हॅलची यामानाशीतली इमारत काइ शहरात आहे, पूर्वीचं रयूओ गाव. शिंजुकूहून एक्स्प्रेसने कोफूला दीड तासात पोहोचता येतं, रयूओ त्यापुढचंच स्टेशन. चारी बाजूंनी डोंगर, हवा स्वच्छ असली की फुजी दिसतो. आणि गोदाकाठ, तुम्हाला सांगायलाच हवं, सगळीकडे द्राक्षं. यामानाशी म्हणजे जपानचं नाशिक. पण इथे मांडव डोक्यावर असतो, खालून वाकून चालावं लागतं, आणि घडाघडाला कागदाची टोपी घालतात.

त्यांच्या बोधचिन्हाबद्दल कुणी लिहिलं नाही. घरट्यात बसून अंडी उबवणारा कुत्रा. नाव 'इनु-तामागो', कुत्रा-अंडं. १९९८ पासूनचं आहे. ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही त्या एकत्र आल्या की नवं काही बाहेर येतं, असा अर्थ. बाहेरून पाहिलं तर इमारत साधीच, पण ते चिन्ह दिसलं आणि मी बराच वेळ तिथे उभा राहिलो.

गोदाकाठ

कोफूकर, घडाला कागदी टोपी! आमच्या बागेत निर्यातीच्या घडांना आम्हीही कागद लावतो. फोटो टाका शक्य असेल तर.

अबोली

भाच्याला हा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो स्मॅश ब्रदर्स राहिला. मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हीच लिहा.

रात्रपाळी

भाच्याला सांगा, लिहितो.

साकुराई एकदा आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळत होते आणि सलग जिंकत होते. समोरच्या मशीनवर कोण आहे ते दिसत नाही. डाव संपल्यावर कळलं की पलीकडे एक तरुण जोडपं होतं, दोघंही अगदी नवखे. त्यांचा पार चुराडा झाला होता. साकुराईंना ते लागलं. मारामारीचे खेळ अवघड कॉम्बो पाठ करणाऱ्यांचेच होऊन बसले होते. त्यांनी उलटा विचार केला. ताकद संपत जाणारी पट्टी नको, टक्केवारी हवी. जितका मार बसेल तितका आकडा वाढेल आणि तितके तुम्ही लांब फेकले जाल. चौघं एकाच वेळी. मग कधी कोण कुठे उडेल सांगता येत नाही, आणि नवखाही जिंकू शकतो.

आराखडा साकुराईंचा, प्रोग्राम इवातांचा, आवाजासाठी आणखी एक जण. कर्ज फेडणारा अध्यक्ष आठवडाभर कंपनी चालवायचा आणि शनिवार-रविवारी बसून हा खेळ लिहायचा. कच्च्या रूपाचं नाव 'ड्रॅगन किंग', पात्रं बिनचेहऱ्याची. मग साकुराईंनी आधी न विचारता निन्टेंडोच्या खेळांतली मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स ही पात्रं आत घातली आणि चालता खेळच मियामोतोंपुढे ठेवला. २१ जानेवारी १९९९ ला तो जपानमध्ये आला. कर्ज फिटलं तेही १९९९ मध्येच.

२००० मध्ये इवाता निन्टेंडोत गेले. पुढच्या वर्षी स्मॅश ब्रदर्सचा पुढचा भाग 'मेली' वेळेत पुरा होईना, तेव्हा ते यामानाशीला परत आले आणि तीन आठवडे बसून चुका काढल्या. प्रत्यक्ष कोडवर काम करण्याची ती त्यांची शेवटची वेळ. मे २००२ मध्ये ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. यामाउची घराण्याबाहेरचे पहिले.

आकडेमोड

माझ्या शंकेचं पूर्ण समाधान झालं. इवाता आणि साकुराई गेल्यावर हॅलचं काय झालं?

रात्रपाळी

साकुराई ऑगस्ट २००३ मध्ये बाहेर पडले. एक खेळ चालला की दुसरा भाग, मग तिसरा, या चक्राला कंटाळल्याचं त्यांनी उघड सांगितलं. मला वाटतं हॅलला हा घाव कर्जापेक्षा खोल बसला. घरच्या टीव्हीवर खेळायचा सरळ मालिकेतला कर्बी २००० नंतर थेट २०११ मध्ये आला. मधल्या अकरा वर्षांत त्यांनी तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मनासारखं जमेना म्हणून टाकून दिलं. १९९१ च्या आधीची हॅल यातला एखादा तरी अर्धा शिजलेला बाहेर काढून मोकळी झाली असती. आता चौथ्यांदा जमला तेव्हाच बाहेर आणला.

मार्च २०२२ मधला 'कर्बी अँड द फरगॉटन लँड' तर पहिल्यांदाच मोकळ्या त्रिमितीतला, त्याच्या ६० लाखांवर प्रती गेल्या. कंपनी आजही तोक्यो आणि यामानाशीत काम करते आहे.

इवाता ११ जुलै २०१५ ला गेले. वय ५५. त्यानंतर दोन वर्षांनी निन्टेंडोचा स्विच आला, आणि लोकांना त्याच्या आत लपवलेला एक खेळ सापडला. मशीनचं घड्याळ ११ जुलै दाखवत असेल, आणि दोन्ही हातांत कंट्रोलर धरून इवाता ज्या पद्धतीने दोन्ही हात पुढे करत "थेट तुमच्यापर्यंत" म्हणायचे तसे हात केले, तर १९८४ चा गोल्फ सुरू व्हायचा. जो कॅसेटमध्ये मावणार नाही म्हणत होते, तोच. पुढच्या एका अपडेटमध्ये तो काढून टाकला.

माझ्याकडचं सांगायचं ते एवढंच. कुणाला भर घालायची असेल तर जरूर घाला.

गोदाकाठ

रविवारी माळ्यावरून जुनं मशीन काढलं. अॅडॉप्टर बदलावा लागला, कॅसेटच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, दोनदा फुंकर मारली. चालू झालं. रंग थोडे फिके, आवाज तोच.

लेकीला बसवलं. चौथीत आहे. पहिले तीन डाव माशाने खाल्ले. मग तिने बटण सोडलं आणि मला विचारलं, "बाबा, मी थांबवला तरी हा थांबत का नाही?" मी धाग्यात वाचलेलं सांगायला सुरुवात केली, की हिशोबात पूर्ण पिक्सेलच्या मागे थोडंसं शिल्लक राहतं आणि ते पुढे मोजलं जातं. तिला दशांश अजून नीट येत नाहीत. तिने पुढचं ऐकलं नाही, बी दाबून धरलं आणि माशाच्या डोक्यावरून अलगद पलीकडे गेली.